सात घटना

आमच्या प्रयोगशाळेत सरांना पाठीमागे सगळे ‘सातवाले’ म्हणत. वीस वर्षांपूर्वी त्यांनी प्रोटॉनांची नुसती गर्दी झालेलं एक अणुकेंद्रक शोधलं होतं. ते जेमतेम चार मिलिसेकंद टिकतं आणि फुटताना एकदम दोन प्रोटॉन बाहेर टाकतं, असा त्यांचा दावा. पुरावा काय, तर तसं फुटताना टिपलेल्या सात घटना. त्यांच्यावर सरांचं नाव झालं आणि त्यांच्याच जोरावर माझा प्रबंध उभा राहिला.

यंदा कण टिपणारा नवा डिटेक्टर आला. अकरा दिवसांत तसली तीन हजारांवर केंद्रकं आमच्यासमोर फुटली. दर वेळी आधी पॉझिट्रॉन हा हलका कण निघे, कधी त्याच्यामागून एखादा प्रोटॉन. दोन एकदम? एकदाही नाही. जुन्या यंत्रात प्रोटॉन वेगवेगळे दिसत नसत, नुसती एकूण ऊर्जा कळे; त्यात पॉझिट्रॉन टिपायचा राहिला, तर मात्र एकाच प्रोटॉनचे दोन वाटू शकतात.

म्हणून मी जुन्या नोंदवह्या उपसल्या. सातही घटना एकाच दुपारच्या होत्या. त्या पानावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘पॉझिट्रॉनचा डिटेक्टर सकाळपासून बंद.’

वही घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काकू चहा टाकायला आत गेल्या. सरांनी चष्मा लावून ते पान कितीतरी वेळ वाचलं.

“अक्षर माझंच आहे.”

“मग छापलंत कसं, सर?”

“दुसरा एक गट अगदी मागावर होता. वाटलं, आत्ता छापू. पुढे कुणीतरी नीट मोजेल आणि माझंच बरोबर निघेल.” ते वहीवरून हात फिरवत राहिले. “वीस वर्षं वाट बघतोय गं. कुणी मोजावं म्हणून, आणि कुणी मोजू नये म्हणूनही. हिला एवढ्यात काही बोलू नकोस.”

काकू कपबशा घेऊन दारातच उभ्या होत्या.

शोधनिबंध मागे घेत असल्याच्या पत्रावर सरांनी सही केली. माझी कायम नेमणूक लांबणीवर पडली. ज्यांनी आयुष्यभर त्यांची टिंगल केली, तेच आता “गुरूचा गळा कापला” म्हणून माझ्याकडे पाठ फिरवू लागले.

महिन्याभराने मी पुन्हा सरांकडे गेले. काकूंनी दार अर्धवटच उघडलं.

“ते कुणाला भेटत नाहीत.”

“काकू, पाचच मिनिटं.”

“तुला तर नाहीच.”

आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. काकूंनी कडी लावली.