आरशांची पिशवी

नवरा धनसिंग गेल्यापासून अनुसयाबाई तांड्यावर एकटीच राहायची. लेकरूबाळ नव्हतंच. मागल्या साली झटका येऊन तिच्या हृदयाचा एक भाग मेला, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी तिला एका प्रयोगात घेतलं. दुसऱ्या माणसाच्या मूळपेशी हृदयात सोडायच्या, म्हणजे मेलेला भाग सुधारतो का ते बघायचं. निम्म्यांना पेशी देणार, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, हेही त्यांनी बराबर सांगितलं होतं. हिनं ऐकलं तेवढंच, जे हवं होतं.

देणारी बाईच असणार, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं. मग पाण्याला जाताना छातीवर हात ठेवून, "चाल बाई, आपण दोघी जाऊ," म्हणू लागली. धापही कमी झाली. त्या देणारीसाठी वर्षभर आरसे टाचून पिशवी शिवली आणि ती घेऊनच शेवटच्या तपासणीला गेली.

कोणाला काय दिलं ते लिहिलेलं बंद पाकीट डॉक्टरीणबाईंनी फोडलं. "तुम्हाला मिठाचं पाणीच दिलं होतं. पण तब्येत छान आहे हं!"

परतताना औंढ्याच्या बसमध्ये तिनं पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली.

"मावशी, जागा धरली का कोणासाठी?" एका पोरीनं विचारलं.

"न्हाई, बस," म्हणत अनुसयाबाईनं पिशवी मांडीवर घेतली. "कोणीच न्हाई माह्यासंगट."