वाचणारी बाई

तिने तीच ओळ पुन्हा मागे घेतली आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवर असतात," कॉम्प्युटरमधली बाई म्हणाली. मग ठरल्याइतकं थांबून ती पुढच्या ओळीकडे निघाली. ओळ या कानातून आत गेली, त्या कानातून बाहेर.

छापलेली अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर लहानपणापासून जागा बदलायची. शाळेत असताना रोज संध्याकाळी आई भाजी चिरता चिरता धडे वाचून दाखवायची, आणि मधे मधे तोंडाचा पट्टाही चालू असायचा. पित्त तयार करतं यकृत आणि पित्ताशय नुसतं साठवतं, हे वाचल्यावर आईने सुरी खाली ठेवली होती. "बघ, आयत्या बिळावर नागोबा." पेपरात तो प्रश्न आला तेव्हा तिला आधी नागोबा आठवला, मग उत्तर. सगळी शाळा तिने अशीच पार केली होती.

कॉलेजात मदतीला तोटा नव्हता. अभ्यास मदत कक्षाच्या मॅडमनी हेडफोन दिले, परीक्षेला जादा वेळ मिळवून दिला, उत्तरं लिहून घ्यायला वरच्या वर्गातली मुलगी दिली. तरी शरीरशास्त्राच्या पहिल्या चाचणीत ती सपशेल आपटली.

आत्ता कक्षात त्याच मॅडम तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"उद्या पुन्हा चाचणी आहे. यावेळीही नापास झालीस तर हा विषय सोडावा लागेल, म्हणजे नर्सिंगही गेलं. काही कमी पडतंय का? सांग मोकळेपणाने."

काय कमी पडतंय ते सांगायची तिला लाज वाटली. एवढी घोडी झाली आणि आई हवी म्हणते, असं म्हणाल्या असत्या. "काही नाही मॅडम," ती म्हणाली. खोलीतली बाकीची मुलं आपापल्या हेडफोनमध्ये बुडालेली होती. कुणाशी बोलायचं म्हटलं तर आधी त्याच्या कानावरचं काढावं लागलं असतं.

घरी तिने वेगळंच सांगितलं होतं. ती वसतिगृहात आल्या आल्या आईने फोनवर विचारलं होतं,

"तिथे वाचून कोण दाखवतं गं?"

"एक बाई आहे. अडखळत नाही, दमत नाही."

"चहासुद्धा मागत नाही?"

"नाही."

"मग बाई आहे की भूत?" आई हसली होती. मग म्हणाली, "बरं झालं. माझा घसा सुटला एकदाचा."

घरात त्या दोघीच. दिवसभर शिलाई मशीन चालवून आईने इतक्या वर्षांच्या संध्याकाळी तिच्या पुस्तकांत घातल्या होत्या. आता तरी आईने पाय पसरून बसावं, म्हणून ती खोटं बोलली होती.

मॅडम उठून गेल्यावर तिने हेडफोन काढून ठेवले, जिन्यात आली आणि फोन लावला.

"आई, एक ग्रंथी आहे. ती मूत्रपिंडाच्या वर बसते. अगदी टाळूवर."

"म्हणजे त्याच्या डोक्यावर मिरी वाटतेय म्हण की."

तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले.

"तुझी ती बाई हे सांगत नाही वाटतं?"

"बाई नाहीच आई तिथे. मशीन आहे. तिचं वाचलेलं माझ्या काही लक्षात राहत नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"मी काही बघत नव्हते," आई म्हणाली. "या वेळेला घर खायला उठतं, म्हणून लावून ठेवते. काय करते ती तुझी ग्रंथी?"

"माणूस घाबरला की त्याच्या छातीत धडधड सुरू करते."

"आत्ता करतेय?"

"हो. उद्या परीक्षा आहे."

"थांब, गॅस बंद करते. पहिल्यापासून सांग."

दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातल्या मुलीने पेन उघडून पहिला प्रश्न वाचला आणि उत्तराची वाट बघत बसली.

"डोक्यावर मिरी वाटणारी," ती पुटपुटली.

"हे लिहू?"

"नको ताई, ते घरचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही लिहा, अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवर असतात."