बंद करायची गोळी

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं, पण स्वतः कुणाचं ऐकतील तर शपथ. फुप्फुसाच्या कॅन्सरवर डॉक्टरीणबाईंनी नेमक्या त्याच पेशींना अडवणारी रोजची गोळी दिली होती. गाठ आक्रसली. उरलेल्या गाठीसाठी रेडिएशन सुरू करताना त्या बजावून म्हणाल्या, "हे संपेपर्यंत गोळी बंद." ह्यांनी नंदीबैलासारखी मान डोलावली.

आज सकाळी शर्ट धुवायला घेतला, तर खिशात त्याच गोळ्यांचं पाकीट. अर्धं रिकामं.

"शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात," हे शांतपणे म्हणाले. "एक शिकणाऱ्याचा, एक माझा. दोन्ही दाबले म्हणून कुणाचं वाईट झालंय?"

"आणि हा खोकला?"

"हवा बदललीये. तू तिथे तोंड उघडू नकोस. रेडिएशन थांबवतील, मग गाठ मोकाट सुटेल."

मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.  दवाखान्याच्या जिन्यात ह्यांना धाप लागली, तेव्हा ह्यांनी भिंतीवरची पाटी वाचल्याचं सोंग केलं.

मशीनवरच्या मुलीने ह्यांना टेबलावर झोपवून छातीवरच्या खुणा जुळवल्या. "काका, गोळी बंदच आहे ना?"

"बंद," हे म्हणाले आणि दारातल्या माझ्याकडे बघितलं. एवढ्या संसारात ह्यांनी कधी माझ्यापुढे हात जोडले नव्हते; आज डोळ्यांनी जोडले.

मुलगी बाहेर आली. जाड दार लागायला लागलं.

"थांबवा," मी म्हणाले. "गोळी चालू आहे."

डॉक्टरीणबाईंनी लगेच स्कॅन काढायला लावला. फुप्फुसाला सूज होती. "काहींना दोन्ही एकत्र देतो आम्ही, पण सतत तपासत," त्या म्हणाल्या. "तुमच्या फुप्फुसाला ते झेपणारं नव्हतं. आता दोन्ही बंद. आधी सूज उतरवू."

"आणि गाठ?" ह्यांनी विचारलं.

"तोवर ती गप्प बसेलच, असं नाही सांगू शकत."

बाहेरच्या बाकावर हे माझ्याकडे पाठ करून बसले. खोकल्याची उबळ ओसरली तसे म्हणाले,

"गाठ वाढली तर ती तुझ्यामुळे."

"म्हणा की. रोज उठून म्हणा," मी म्हणाले. माझा आवाज फाटला. "पण तेवढं म्हणायला छातीत दम राहू दे."