सकाळी तुझ्याकडं, दुपारी माझ्याकडं

वडगावच्या पाळणाघरात अर्ध्या दिवसालाही पूर्ण दिवसाचेच पैसे होते, म्हणजे प्रतीक्षाचा जवळजवळ निम्मा पगार. तिची नोकरी कंत्राटी. वडगावच्या एका कार्यालयात संगणकावर जमिनीच्या नोंदी करायच्या, नऊ ते दोन. नवरा अमृत लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवायचा आणि पहाटेच निघायचा. सम्यक पाच महिन्यांचा झाला आणि रजा संपली.

कान्ह्यात दोन गल्ल्या पलीकडं पिंकी राहायची. दवाखान्यात मुलांना लस द्यायला गेल्यावर दोघींची ओळख झाली होती. पिंकी म्हणाली, "सकाळी तू माझ्याकडं सोड, दुपारी मी ओवीला तुझ्याकडं सोडते. पैशाचा विषयच न्हाई." पिंकी कार्ल्याच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात साडेतीन ते नऊ कामाला होती. तिची ओवी आठ महिन्यांची, रांगती. तिच्या सासूबाई नंदाबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना एकटीला पोर आवरायची नाही.

पहिल्या दिवशी प्रतीक्षाने दूध काढून बाटलीत भरून दिलं आणि मागं न बघता स्टेशन गाठलं.

साडेदहाला पिंकीचा मेसेज आला. बाटली तोंडात घेत न्हाई. अकराला दुसरा. लय रडतोय. मग काहीच नाही. प्रतीक्षाने तीनदा फोन लावला, तिन्हीदा तो वाजून बंद झाला. एकच गट क्रमांक तिने दोनदा टाइप केला, खोडला, पुन्हा चुकवला.

"सर, मी आज लवकर जाऊ का?"

"यादी आजच पाठवायचीय, मॅडम."

ती पुन्हा खुर्चीत बसली. दुधानं छाती दाटून आली, कुर्ता ओला झाला. तिने ओढणी पुढं घेतली. शेजारच्या शालनताई हळूच म्हणाल्या, "ऊठ. राहिलेलं मी करते. या वेळेला लोकल नाही, रिक्षा बघ."

रिक्षावाला सीट भरायची वाट बघत होता. प्रतीक्षा दोनदा चढली, दोनदा उतरली, शेवटी म्हणाली, "रिकाम्या सीटचे मी देते, चला."

पिंकीचं दार उघडंच होतं. ओवी गोधडीवर झोपली होती. भिंतीला टेकून पिंकी बसली होती आणि तिच्या पदराआड सम्यक दूध पीत होता. त्याची मूठ पिंकीच्या मंगळसूत्राला घट्ट धरून होती.

पिंकीने मान वर केली. "निळा पडाय लागला गं रडून. मला राहवलं न्हाई. फोन सायलेंट केलता, आवाजानं दचकत होता. रागावलीस?"

प्रतीक्षाला पोर वाचल्यासारखं वाटत होतं आणि त्याला ओढून घ्यावंसंही वाटत होतं.

आतून नंदाबाई आल्या. प्रतीक्षाकडं न बघता म्हणाल्या, "आमच्यात असं करत न्हाईत."

"आमच्यात म्हंजे?" पिंकीने विचारलं. नंदाबाई ओवीकडं वळल्या. प्रतीक्षाला मात्र नीट कळलं. बुद्धविहाराशेजारच्या तिच्या घरी नंदाबाई कधी पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या.

तिने सम्यकला उचललं आणि घरी आली. आता ओवी येईल की नाही? नाही आली तर उद्या सम्यकला कुठं ठेवायचं? दारात जाऊन ती गल्लीच्या टोकाकडं बघायची, आत यायची, पुन्हा दारात.

पावणेतीनला पिंकी धावतच आली, ओवीला प्रतीक्षाच्या हातात दिलं आणि फाट्याकडं पळाली. मागून नंदाबाई भिंतीला धरत आल्या आणि उंबऱ्याबाहेर बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या तिथंच होत्या, ओवीवरची नजर न हलवता. प्रतीक्षाने मऊ भात कालवला. ओवीने तोंड उघडलं. नंदाबाईंनी बघितलं, पण अडवलं नाही.

अंधार पडल्यावर झोपलेल्या ओवीला घेऊन त्या उठल्या. जाता जाता थांबल्या.

"उद्या पोराला पोटभर पाजून आण. पिंकीच्या अंगावरचं दोघांना कुटं पुरायचं?"

हा नकार होता की होकार, प्रतीक्षाला ठरवता येईना. तिने फक्त विचारलं, "मावशी, सकाळी आठला आणू?"

"सव्वाआठला आण," नंदाबाई म्हणाल्या. "तवर माझी पूजा उरकती."