डोळ्यांऐवजी कान टिपणाऱ्या लेन्सची कैफियत

मी एक जुनी लेन्स आहे, आणि कबुलीजबाब द्यायला बसले आहे. मित्रांनो, आत्मवृत्त लिहिणारे बहुधा आपल्या कर्तबगारीपासून आरंभ करतात. माझी कर्तबगारी नेवाशात सर्वांना ठाऊक होती. माझा अपराध मात्र मला स्वतःलाही गेल्या वर्षीच कळला.

माझा जन्म सुमारे सत्तर वर्षांपूर्वी जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पितळेचे अंग, वर चकचकीत मुलामा, आत सात काचा. माझ्याएवढे रुंद तोंड त्या काळी फार थोड्या लेन्सना लाभले होते. तोंड रुंद असले की उजेड जास्त आत येतो आणि मंद प्रकाशातही चित्र उमटते. पण तोंड पूर्ण उघडले, की चित्रातला स्वच्छ पट्टा दोन बोटांइतका अरुंद होतो. त्यात डोळे बसले तर कान धूसर होतात, आणि कान बसले तर डोळे.

एका साखर कारखान्यावर आलेल्या इंजिनिअरच्या सामानातून मी नेवाशातल्या लालमहंमद यांच्या स्टुडिओत पोहोचले. त्यांचे भागीदार मच्छिंद्र अंधाऱ्या खोलीत फोटो धूत. लालमहंमद ते काढत. माझ्या कॅमेऱ्याची रीत मात्र विलक्षण होती. लालमहंमद माझ्यातून कधी पाहतच नसत. कॅमेऱ्याला वरच्या बाजूला वेगळी खिडकी होती. तीत माणसाच्या दोन पुसट प्रतिमा दिसत; माझे कडे फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या, की नेम लागला असे समजायचे. पाहणारी खिडकी, टिपणारी मी, आणि आम्हा दोघींमध्ये नुसता विश्वास!

हा विश्वास अनेक वर्षे टिकला. चुलीच्या उजेडात भाकरी थापणारी बाई असो की दिव्याजवळ पोथी वाचणारा म्हातारा, लालमहंमद फ्लॅश न वापरता त्यांना टिपत, आणि पापणीचा केस न् केस वेगळा दिसे. मग एका हिवाळ्यात काहीतरी बिनसले. त्यांनी पत्नीचा, सरवरीचा, खिडकीजवळच्या मंद उजेडात फोटो काढला आणि नगरच्या एका प्रदर्शनाला पाठवला. फोटो परत आला तो चिठ्ठीसह: ‘डोळे सोडून कानातली बाळी टिपणाऱ्या छायाचित्रकाराने आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत.’

परीक्षक विद्वान होते. त्यांनी कॅमेरा पाहिला नाही, मला हातात घेतले नाही, एक प्रश्नही विचारला नाही. निष्कर्षाला पुरावा लागतो ही समजूत अडाण्यांची असते, हे त्या दिवशी मला समजले.

लालमहंमदांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. त्यांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही, चिठ्ठीवर ठेवला. पुढे ते दुसऱ्या कॅमेऱ्याने, फ्लॅश मारून, फक्त पासपोर्टचे फोटो काढू लागले. मी चामड्याच्या पिशवीत गेले. तिथे चाळीस वर्षे माझ्या काचेवर बुरशीचे धागे निवांतपणे पसरत राहिले.

गेल्या वर्षी त्यांच्या नातीने, अर्शीने, ती पिशवी उघडली. अर्शी लग्नांचे फोटो काढते, डिजिटल कॅमेऱ्यावर. माझ्यासारख्या म्हाताऱ्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांना लावण्याची सध्या मोठी हौस आहे, हे तिच्याकडूनच कळले. आमच्या कडांचा धूसरपणा, प्रकाशाचे आमचे ओघळ, या सगळ्याला म्हणे आता ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतात. यंत्राच्या दोषाला व्यक्तिमत्त्व आणि माणसाच्या नशिबी चिठ्ठी. काळ सुधारला आहे, यात शंका नाही.

तिने जाणत्या कारागिराकडून माझी बुरशी काढून घेतली, ॲल्युमिनियमच्या एका कड्याने मला आपल्या कॅमेऱ्यावर बसवले, आणि मागचा पडदा उजळला. मित्रांनो, त्या क्षणी मी थरारले. या कॅमेऱ्याला वेगळी खिडकीच नव्हती! मी जे पाहत होते तेच, जसेच्या तसे, अर्शी पाहत होती. सत्तर वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यातून पाहत होते.

तिने माझे तोंड पूर्ण उघडून सरवरीचा फोटो काढला. डोळे लख्ख आले.

“दादा, बघा! लेन्स एकदम चांगली हाय,” ती आजोबांना आनंदाने म्हणाली.

लालमहंमदांनी पडद्याकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. “चांगलीच हाय. मंजे वाईट मीच हुतो.”

मी हादरले. माझी निर्दोष सुटका झाली आणि त्याच निकालाने त्यांच्यावरचा आरोप शाबीत झाला. अर्शीचा चेहरा पडला. पण ती नुसती हळहळणारी मुलगी नव्हे. तिला प्रश्न पडला. काच चांगली, डॉक्टरांच्या मते नजर चांगली, तर मग बाळी कशी टिपली गेली?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला पुन्हा जुन्या कॅमेऱ्यावर चढवले. त्याची पाठ उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला. सरवरीला उजेडात बसवले, माझे तोंड पूर्ण उघडले आणि आजोबांच्या हाती कॅमेरा दिला. “दादा, खिडकीतून दादीच्या नाकातल्या चमकीवर नेम धरा. बसला की हलू नका.”

त्यांनी नेम धरला. अर्शीने शटर उघडे ठेवले, डोक्यावर काळे कापड घेतले आणि कागदावर उमटलेले माझे चित्र भिंगातून न्याहाळले.

“दादी, तू उलटी दिसतेयस.”

“पन्नास वर्सं ह्या घरात तशीच हाय मी,” सरवरी म्हणाली. “तुझ्या दादालाच दिसलं न्हाई.”

अर्शी हसली नाही. “दादा, चमकीच्या दोन्ही प्रतिमा एकावर एक हायेत?”

“हायेत की. ठार बसल्यात.”

“कागदावर चमकी पुसट हाय. मागची बाळी मात्र लख्ख. खिडकी एक सांगतीय अन् लेन्स दुसरंच बघतीय!”

रोजच्या चहाला आलेले मच्छिंद्र दारात उभे होते. त्यांनी कप हळूच खाली ठेवला.

“लालभाई,” ते म्हणाले, “ही लेन्स मी खोलली हुती.”

“कधी?”

“तो फोटो काढायच्या आदल्या खंडेनवमीला. सगळी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायची, मग हीच तेवढी मळकी कशी ठेवायची? काचेचा गाभा फिरवून भायेर काढला, लई मनापासून पुसला. परत बसवला तर एक चकती उरली. पितळेची, कागदासारखी पातळ. मला वाटलं, जपानवरून येताना घातलेलं पॅकिंग असंल.”

“मग?”

“फेकवंना. हत्याराचाच तुकडा तो. हळदकुंकू वाहिलं अन् निर्माल्याबरूबर प्रवरंच्या पाण्यात सोडली.”

ती चकती माझ्या काचा आणि माझे कडे यांच्यामधले अंतर राखत होती. ती जाताच काचा आत सरकल्या आणि माझी नजर नेमाच्या थोडी मागे गेली. नव्या कॅमेऱ्यावर पाहणारा थेट माझ्यातूनच पाहतो, म्हणून तिथे फरक पडत नाही. जुन्यावर मात्र खिडकी डोळ्यांचा हवाला देई आणि मी कान टिपत असे. उजेडात तोंड आवळले, की स्वच्छ पट्टा रुंद होऊन चूक झाकली जाई. म्हणूनच मच्छिंद्रांना, लालमहंमदांना आणि मलाही ती कळली नाही.



“चाळीस वर्सं, मच्छिंद्रा,” लालमहंमद म्हणाले. “चाळीस वर्सं मी माज्या डोळ्यांना शिव्या घातल्या.”

“मला घाला आता.”

“घालतो. आधी अर्शीचा कॅमेरा दे इकडं.”

त्यांनी मला नव्या कॅमेऱ्यावर बसवायला लावले, सरवरीला खिडकीजवळच्या मंद उजेडात नेले आणि माझे तोंड पूर्ण उघडले.  त्यांच्या बोटांत माझे कडे जिथे थांबायला हवे तिथेच थांबले. पडद्यावर तिच्या उजव्या डोळ्याची एकेक पापणी सुटी झाली.

“आता काय सुरकुत्या मोजताय का?” सरवरी म्हणाली.

“व्हय,” ते म्हणाले. “गप बस. हलू नकोस.”

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, चामड्यात कोंडू नका, मऊ कापडाने पुसा. पण त्याहून मोठी विनंती अशी: हाती दिलेले यंत्र उघडून पाहिल्याखेरीज ते चालवणाऱ्या माणसावर चिठ्ठी लिहू नका. आणि यंत्र पुसून झाल्यावर हातात काही उरलेच, तर ते देवाला वाहण्याआधी भागीदाराला दाखवा.