ब्रेकवाली चाकं

चाकाच्या आसाभोवती केस गुंडाळले गेले होते — लांब, काळे, मधूनच एखादा पांढरा, ग्रीस आणि धूळ यांत मळून त्यांची चिकट वळी झालेली... रेवानं नजर काढून घेतली आणि पुन्हा तिथंच नेली. कुणाच्या घरातल्या फरशीवरून गोळा केले असतील हे या ट्रॉलीनं?

"तीच घ्या ताई, मजबूत हाय," गल्ल्यामागून दुकानदार तुळशीराम म्हणाला. "दाखवायला ठेवलीय, पन माझ्या घरचा फ्रीज तिच्यावरनंच हालवला. बायको म्हनली, आता तुमालाच बसवते हिच्यावर न ढकलते बाहेर."

बाबा हसले. मोठ्यानं. मघा स्टँडजवळ खाल्लेल्या मिसळीचा लाल तवंग त्यांच्या मिशीच्या टोकाला अजून होता. वर दोन पाव जास्तीचे मागून घेतले होते त्यांनी, वाटी पुसून पुसून संपवली होती. आई जाऊन दोन महिने. गोडाच्या दिवशी पाहुणे माना खाली घालून जेवत असताना याच माणसानं श्रीखंडाची वाटी पुन्हा पुढे केली होती, आणि वाढणाऱ्या मावशीनं क्षणभर थांबून रेवाकडे पाहिलं होतं — तो क्षण तिच्या घशात अजून आंबत होता.

त्याच पंगतीत नेरे गावचा निनाद, बाबांचा पुतण्या, म्हणाला होता, "काका, काकूचं कपाट काढणार असाल तर मला सांगा, फार्महाऊसवर उपयोगी पडेल." आणि परवा बाबांचा फोन: "आईचं कपाट हलवायचंय. ट्रॉली घ्यायला ये जरा बरोबर." कुठं हलवायचं, हे तिनं विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? आईच्या साड्या लेकीनं न्यायच्या, असं मावश्या जाताना सांगून गेल्या होत्या. बाबांनी कपाटाची किल्ली काही दिली नव्हती. आज साड्या घ्यायच्या, आणि मग बाबांच्या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही — पुण्याहून येताना, घाट उतरताना, तिनं हे इतक्या शांतपणे ठरवलं होतं की तिचं तिलाच नवल वाटलं.

बाबा उकिडवे बसले होते. एकेक चाक अंगठ्यानं दाबून पाहत होते, फळ पाहावं तसं.

"हे वाजतं का?"

"नायलॉन वाजतं. रबर नाय वाजत. पन उभं कपाट असंल तर काका, मोठ्या पाटाची घ्या, नायतर कलंडंल अंगावर."

"आणि ब्रेक? ब्रेकवाली चाकं नाहीत?"

"ब्रेक कशाला? एकदा हालवायचं न झालं."

"एकदा नाही. रोज."

"रोज?" तुळशीरामला मजा वाटली. "कपाट हाय का लोकल गाडी?"

या वेळी बाबा हसले नाहीत. चाकाकडेच बघत, रेवाकडे नाही, म्हणाले, "मी हॉलमध्ये झोपतो. त्या खोलीत झोपवत नाही. रात्री कपाट दिवाणाजवळ घ्यायचं, सकाळी परत आत... येणारे-जाणारे असतात. त्याचं दार थोडं उघडं ठेवलं की —" त्यांनी हात नाकाजवळ नेला आणि तसाच खाली आणला.

तुळशीराम उगाचच गल्ल्यावरचे स्क्रू आवरू लागला.

म्हणजे निनाद नाही. भंगार नाही... तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण दिसलं ते भलतंच: अर्ध्या उघड्या कपाटात ते थोराड, घामट तोंड, ती मिशी आईच्या साड्यांत खुपसलेली, श्वास ओढणं, पुन्हा ओढणं — आणि रोज सकाळी डांबरगोळ्यांमागचा तो वास थोडा कमी झालेला, खाल्ला गेलेला. किळस, स्वच्छ किळस. वाटी पुसून खाणारा माणूस हेही पुसून खाणार. काही उरणार नाही.

कुणासाठी उरणार नाही?

पुण्याच्या घरात, आतल्या खोलीत, दार लावून, एकेक घडी उलगडून... मीही हेच करणार होते. जपून, थोडं थोडं, कुणाला न देता. त्यांनी कपाट निनादला दिलं असतं तर किती सोपं झालं असतं! निर्दय बाप सोडून जाता आलं असतं. या माणसाला कुठं टाकायचं, ज्याची भूक आपल्यासारखीच आहे, नुसती उघडी आहे?

"मंग काढू ब्रेकवाली?" तुळशीरामनं विचारलं.

बाबांनी मान वर केली. मिशीवर तवंग तसाच. "तू सांग, रेवा."

तोंडात पाणी सुटलं होतं, जिभेखालून, भराभर — ओकारीच्या आधी सुटतं तसं, की भुकेनं सुटतं तसं, तिला कळेना. ते गिळायलाही तिला धीर होईना, आणि बाबा, चाकावर अंगठा तसाच ठेवून, वाट पाहत राहिले.