बिनदुधाचा पाव

"दुधाची किटली हितं न्हाय ठेवायची तर काय डोक्यावर ठेवू?" प्रयागबाईंनी किटली ओट्यावर आदळली.

"बाहेर ठेवा, आत्याबाई. गिऱ्हाइकाला दूध चालत न्हाय. ह्या खोलीत थेंब नको, कितींदा सांगू?" वृषालीनं परातीतून मान वर केली नाही.

"चालत न्हाय म्हंजी? गाईनं लाथ मारली व्हय त्यांना?"

"माझ्यापाशी भांडायला वेळ न्हाय."

प्रयागबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काटेवाडीत त्यांच्या दावणीला चौदा गाई. चाळीस वर्षं पहाटे उठून धारा काढल्या, बोटांची पेरं वाकडी झाली, पण त्यांच्या दुधात पाणी आहे असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. आणि त्याच घरात ही सून पेंडीची खोली रिकामी करून ओव्हन मांडते काय, दारावर कागद चिकटवते काय! दूध नाही, लोणी नाही, तूप नाही. मुलगा रविराज तर बायकोचाच. कागद चिकटवायला स्टुलावर तोच चढला होता.

सकाळी डेअरीवर दत्तोबानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय प्रयागबाई, सुनेनं गाई इकायला काढल्या म्हणं?" लोक फिदीफिदी हसले. प्रयागबाई रिकाम्या किटल्या घेऊन घरी आल्या त्या फणकाऱ्यातच.

नाताळासाठी चोवीस पावांची ऑर्डर होती. बारामतीच्या स्वरूपा साळवेबाई ते घेऊन पुण्याला माहेरी जाणार होत्या. खपली गव्हाचं पीठ, गूळ, पिकलेली केळी, दालचिनी, शेंगदाण्याचं तेल. आणि सुके अंजीर, खजूर, बेदाणे संत्र्याच्या रसात कालपासून भिजत घातलेले. वृषालीनं सगळं तिंबलं, यीस्टनं फुगावं म्हणून परात ओल्या फडक्यानं झाकली आणि अंघोळीला गेली.

प्रयागबाईंनी फडकं उचललं. बोट दाबून पाहिलं. घट्ट.

पुण्याला जायचं पीठ आणि भिजवलंय पाण्यात! ह्या घरातून प्रवासाला कधी पाण्यातली भाकरी गेली नव्हती. दशमीच जायची, दुधात भिजवलेली. मऊ राहते, टिकते. त्यांच्या सासूनं त्यांना हेच शिकवलं होतं. त्यांनी सकाळच्या धारेतलं घरापुरतं राखलेलं तांब्याभर दूध पिठात ओतलं, बाह्या सारल्या आणि परात दणादण मळून काढली. पीठ लोण्यासारखं झालं. फडकं होतं तसं टाकलं.

दशमीचं हे कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. मळताना त्या मनात म्हणत होत्या, घे, तुझ्या त्या कागदावर घालते पाणी.

"केळी जास्तच पिकली हुती वाटतं," साच्यांत पीठ भरताना वृषाली पुटपुटली. दारात तांदूळ निवडणाऱ्या प्रयागबाई गालातल्या गालात हसल्या.

पाव असे फुगले की बघत राहावं. दालचिनीचा वास पार रस्त्यापर्यंत गेला. वृषालीचा चेहरा उजळला आणि प्रयागबाईंना वाटलं, आता सांगावं, कुणामुळं फुगलेत ते. पण म्हटलं, नेऊ देत आधी. वर्षभर हिच्या तोंडावर मारायला हे पुरेल.

तिसऱ्या प्रहरी साळवेबाईंची गाडी आली. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. ती धावत वासरापाशी गेली.

"नाव काय गं तुझं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"छकुली."

दारात लेकरू आलं आणि दूध दिलं नाही असं प्रयागबाईंच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यांनी पेला भरला, तशा साळवेबाई किंचाळल्याच.

"नको, मावशी! तिला दूध चालत नाही. थेंब गेला तरी घसा सुजतो. मागच्या नाताळात कुणीतरी केक भरवला, चार दिवस दवाखान्यात काढले."

"ह्या वर्षी मी पण खाणार," छकुली म्हणाली. "आज्जीकडे सगळ्यांबरोबर. माझ्यासाठी वेगळी बिस्किटं नाहीत."

प्रयागबाईंनी पेला मागं घेतला. चालत नाही म्हणजे हे? त्यांना वाटलेलं, शहरातल्या बायांची थेरं.

"घे गं बाळा, चव बघ." वृषालीनं एक पाव कापला आणि जाडसर फोड पोरीच्या हातात दिली. पोरीनं आधी वास घेतला. मग तोंड उघडलं.

प्रयागबाईंनी झडप घालून फोड हिसकावली. पोर भेदरून रडायलाच लागली.

"आत्याबाई!" वृषाली ओरडली. "लेकराच्या तोंडचं काढता? इतका राग माझा?"

"दूध हाय त्यात." प्रयागबाई म्हणाल्या. "म्या घातलं. तू अंघुळीला गेलीस तवा. तांब्याभर."

साळवेबाईंनी पोरीला उचललं, तिचे हात, ओठ पदरानं पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"ताई, उद्या सकाळपर्यंत ताजे करून देते," वृषाली म्हणाली.

"नको. आता माझी हिंमत नाही."

"एक तरी. हिच्यापुरता. मी स्वतः बारामतीला आणून देते."

साळवेबाई प्रयागबाईंकडे बघत वृषालीला म्हणाल्या, "तुम्ही एकट्या करणार असाल तर."

गाडी गेली. वृषालीनं चोवीस पाव दोन घमेल्यांत भरले आणि गव्हाणीत नेऊन कुस्करले. गाईंनी मिनिटात फस्त केले. ती ना ओरडली, ना रडली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रयागबाईंना वाटलं.

त्यांनी एक साचा घेतला. साबण लावून घासला, गरम पाण्यानं तीनदा विसळला, उन्हात धरून पाहिला आणि वृषालीपुढं धरला. वृषालीनं तो घेतला, नळाखाली नेला आणि त्यांच्यादेखत पुन्हा पहिल्यापासून घासायला लागली.

"पीठ चाळून देऊ?"

"तुमी उंबऱ्याच्या आत येऊ नका."

आतून कडी लागली. मग प्रयागबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, नखांतली घाण काडीनं काढली, पदरालाही न पुसता हात तसेच वाळवले आणि दाराबाहेर बसल्या. धारांची वेळ झाली, गाई हंबरायला लागल्या.

"आई, किटल्या कुठं हायत? चल की!" गोठ्यातून रविराजनं हाक मारली.

"आज तू काढ."

चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच. तो किटल्या शोधत राहिला. प्रयागबाई धुतलेले हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या. आतून हाक आलीच, तर दुधाचा हात नको. आत चाळणीचा आवाज येत होता. मग तोही थांबला, बऱ्याच वेळानं दालचिनीचा वास आला. हाक आली नाही.